शुश्रूषेतील नोंद आणि संगणक

(वडोदरा येथे परिचारिका, शिक्षक व ग्रामीण आरोग्य कार्यकर्ते यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वडोदऱ्यात मराठीतून बोलताना परकेपणा वाटत नाही. १८७५ पासून १९३९ पर्यंत या संस्थानाची गादी भूषविणारे सयाजीराव महाराज मूळचे नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचे. १९०६ साली त्यांनी प्राथमिक शिक्षण राज्यभर सक्तीचे केले आणि १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण करून सार्वजनिक ग्रंथालयांची उभारणी हाती घेतली. खेड्यापाड्यांसाठी फिरती ग्रंथालये निघाली व लाकडी पेट्यांतून पुस्तके गावोगाव जाऊ लागली. शिक्षण सक्तीचे करावयाचे, तर कोणत्या गावी शाळेच्या वयाची मुले किती, याची यादी सरकारजवळ असावी लागते. ही माहिती गावाकडून सरकारकडे जाते. पुस्तकांची पेटी मात्र उलट दिशेने, सरकारकडून गावाकडे येते. माहितीचा प्रवास असा दोन्ही दिशांनी झाला, तरच त्याला लोकशिक्षण म्हणता येईल. आजचा आपला विषय रुग्णशुश्रूषा व परिचर्या शिक्षण यांत संगणकाने घडविलेला बदल हा आहे. या बदलाची परीक्षाही याच कसोटीवर व्हावी, असे मला वाटते. परिचारिकेने दिलेली माहिती तिच्याकडे व तिच्या रुग्णाकडे उपयोगाच्या रूपाने परत येते काय, हा खरा प्रश्न आहे.

नोंद ही शुश्रूषेचाच भाग

पुष्कळांची अशी समजूत असते की, शुश्रूषा हे हाताचे काम आणि नोंद हे कारकुनी काम. ही समजूत बरोबर नाही. १८५४ साली क्रिमियाच्या युद्धात जखमी सैनिकांची सेवा करण्यास गेलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची हातात दिवा घेतलेली मूर्ती आपल्या डोळ्यांसमोर असते. परंतु मायदेशी परतल्यावर त्यांनी मृत्यूंच्या आकड्यांचे रंगीत तक्ते तयार करून १८५८ साली प्रसिद्ध केले. जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनीच अधिक सैनिक दगावले, हे त्या तक्त्यांवरून कोणासही एका दृष्टिक्षेपात कळत होते. १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा त्यांच्याच प्रयत्नाने सुरू झाली. आधुनिक परिचर्येच्या उगमापाशीच नोंदवही आहे, ही गोष्ट आपण विसरता कामा नये.

रुग्णाच्या पायथ्याशी लटकणारा ताप, नाडी व श्वसन यांचा तक्ता आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याहून बोलका तक्ता प्रसूतिगृहातला. १९७२ साली त्या वेळच्या ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेमध्ये, फिलपॉट व कॅसल या डॉक्टरांनी प्रसूतीच्या प्रगतीचा आलेख वापरात आणला. गर्भाशयाचे मुख तासागणिक किती उघडले, याचे टिंब प्रसाविका त्या आलेखावर देत असे. त्यावर एक इशाऱ्याची तिरपी रेषा असे आणि तिच्यापुढे चार तासांच्या अंतरावर दुसरी, कृतीची रेषा. टिंबे पहिल्या रेषेच्या उजवीकडे सरकू लागली की, बाईला मोठ्या रुग्णालयात हलविण्याची तयारी करावयाची. पुढील संशोधनाने असे दिसले की, प्रत्येक स्त्रीची प्रसूती एकाच गतीने पुढे सरकत नाही. म्हणून २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने सुधारलेला तक्ता दिला. मूळ तत्त्व मात्र कायम राहिले. जी बाई नोंद करते तिलाच, तेथल्या तेथे, ती नोंद पुढे काय करावे ते सांगते. एका कागदावर व एका पेन्सिलीने साधलेली ही गोष्ट आहे. संगणकाकडून आपली अपेक्षा यापेक्षा कमी असू नये.

रुग्णालयातील अनुभव

मोठ्या रुग्णालयांत आता केसपेपर, तपासण्यांचे निकाल आणि औषधांचे आदेश संगणकावर येऊ लागले आहेत. याचा पहिला लाभ असा की, अक्षर लागत नाही म्हणून होणाऱ्या चुका टळतात. दुसरा लाभ पाळी बदलताना होतो. रात्रपाळीच्या परिचारिकेस दिवसभरात काय घडले ते एका ठिकाणी वाचावयास मिळते.

औषध देण्याच्या बाबतीत तर एक पाऊल पुढे पडले आहे. रुग्णाच्या मनगटाला पट्टी बांधलेली असते आणि तिच्यावर उभ्या रेघांची सांकेतिक खूण छापलेली असते. औषधाच्या वेष्टनावरही तशीच खूण असते. परिचारिका दोन्ही खुणा यंत्रापुढे धरते. रुग्ण, औषध, मात्रा किंवा वेळ यांत विसंगती असली की, यंत्र ताबडतोब इशारा देते. अमेरिकेतील बोस्टन शहराच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स रुग्णालयातील अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात वेळेसंबंधीच्या चुका वगळून औषध देण्यातील अन्य चुकांचे प्रमाण ११.५ टक्क्यांवरून ६.८ टक्क्यांवर आल्याचे आढळले. हा लाभ लहान नव्हे.

परंतु त्याच देशात २००८ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासाने नाण्याची दुसरी बाजू दाखविली. परिचारिका या यंत्राला बगल कशी देतात, याचे पंधरा प्रकार व त्यांची एकतीस कारणे संशोधकांनी नोंदविली. कोठे मनगटाची पट्टी भिजून खूण पुसट झालेली, कोठे यंत्राची बॅटरी उतरलेली, कोठे बिनतारी जोडणी मध्येच तुटलेली, तर कोठे रुग्णाची अवस्था इतकी तातडीची की यंत्राची वाट पाहणे अशक्य. मग पट्टीची जादा प्रत काढून ती दुसरीकडे चिकटवून ठेवावयाची आणि तीच यंत्रापुढे धरावयाची, असे प्रकार सुरू होतात. खूण जुळते, पण रुग्ण जुळला की नाही, हे यंत्राला कळत नाही. या परिचारिका आळशी होत्या असा अर्थ यातून काढणे अन्यायाचे होईल. जे साधन कामाच्या ओघात बसत नाही, त्याच्या बाजूने माणसे वाट काढतात, असा याचा अर्थ आहे. म्हणून कोणतीही नवी यंत्रणा वॉर्डात आणण्यापूर्वी अधिकाऱ्यांनी अधिसेविका, परिसेविका व पाळीवरच्या अधिपरिचारिका यांना विचारले पाहिजे, आणि आणल्यावरही तीन महिन्यांनी पुन्हा विचारले पाहिजे.

गावातील अनुभव

रुग्णालयाबाहेर, उपकेंद्रावर व वाडीवस्तीवर, या बदलाचे स्वरूप वेगळे आहे. येथे आरोग्य सेविकेच्या खांद्यावरच्या पिशवीत गरोदर मातांची नोंदवही, लसीकरणाची नोंदवही, कुटुंब नियोजनाची नोंदवही आणि महिनाअखेरीचे तक्ते असे. गावात किती गरोदर स्त्रिया आहेत, याची बेरीज वर पाठविली जाई. पण त्यांपैकी कोणती स्त्री तपासणीला आली नाही, हे त्या बेरजेतून कोणासच कळत नसे.

या बाबतीत गुजरात राज्याने २०१० साली ‘ई-ममता’ ही पद्धत सुरू केली. तीत बेरजेऐवजी प्रत्येक माता व प्रत्येक बालक यांची नावानिशी नोंद होऊ लागली. पुढे देशभर माता व बालक यांचा मागोवा घेण्याची व्यवस्था उभी राहिली. बेरजेकडून नावाकडे येणे हा फार महत्त्वाचा बदल होता. कारण शुश्रूषा नेहमी एका विशिष्ट माणसाची करावयाची असते, बेरजेची नव्हे.

तथापि नावानिशी नोंद झाली, तरी ती वरच राहिली तर खाली काय उपयोग? या प्रश्नाचे उत्तर वडोदऱ्याहून फार लांब नसलेल्या भरूच जिल्ह्यातील झगडिया येथे शोधले गेले. तेथे १९८० पासून आदिवासी भागात काम करणाऱ्या ‘सेवा रूरल’ या संस्थेने आशा कार्यकर्तींसाठी ‘इमटेको’ नावाची भ्रमणध्वनीवरील पद्धत विकसित केली. तिचे मर्म असे की, आशाताईने माहिती भरली की, फोन तिला त्या दिवसाच्या कामाची यादी करून देतो. आज अमक्या घरी बाळ तीन दिवसांचे झाले, भेट द्यावयाची आहे. तमकीची तपासणी राहिली आहे. घरी गेल्यावर कोणते प्रश्न विचारावयाचे, हे फोन क्रमाने सुचवितो. उत्तरांत धोक्याचे लक्षण आढळले, तर प्राथमिक आरोग्य केंद्रास कळते. कोणत्या आशाताईस मदतीची गरज आहे, हेही तेथील कर्मचाऱ्यांस दिसते.

या पद्धतीची परीक्षा काटेकोरपणे घेण्यात आली. भरूच व नर्मदा या जिल्ह्यांतील बावीस प्राथमिक आरोग्य केंद्रांची निवड करून अकरा ठिकाणी ही पद्धत दिली व अकरा ठिकाणी पूर्वीप्रमाणेच काम चालू ठेवले. या चाचणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. नवजात बालकांच्या घरभेटी व स्तनपानाच्या सवयी यांत सुधारणा झाल्याचे त्यात आढळले. पुढे याच धर्तीवर गुजरात सरकारने ‘टेको प्लस’ ही योजना राज्यात राबविली. घरभेट वाढली म्हणजे सर्व आजार संपले असे नव्हे. घरभेटीनंतर औषध, वाहन व उघडे रुग्णालय लागतेच. पण प्रसूतीच्या आलेखाचे जे तत्त्व मी मघाशी सांगितले, तेच येथे दिसते. नोंद करणाऱ्या हाताकडेच नोंदीचे फळ परत आले, म्हणून काम सुधारले.

याच्या उलट अनुभवही सर्वत्र ऐकू येतो, आणि तो अधिकाऱ्यांनी मन लावून ऐकावा. कित्येक ठिकाणी संगणक आला, पण वही गेली नाही. आरोग्य सेविका दिवसा वहीत लिहिते आणि रात्री घरी बसून तीच माहिती फोनमध्ये भरते. एका बाळाची एक लस, पण नोंद तीन ठिकाणी. यात गेलेला वेळ कोणाच्या वाट्याचा? तो बाळंतिणीच्या घरभेटीचा असतो किंवा त्या सेविकेच्या स्वतःच्या मुलांचा असतो. यंत्राने वेळ वाचतो हे खरे, परंतु जुने काम बंद करण्याचा लेखी आदेश निघाला तरच तो वाचतो.

सीमा ओलांडणारी माता

नोंदीचा खरा कस लागतो तो घर सोडून जाणाऱ्या माणसाच्या बाबतीत. नंदुरबार व डांग या जिल्ह्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत जातात. नवरा-बायकोच्या जोडीला तेथे ‘कोयता’ असेच म्हणतात. त्यांतील एखादी स्त्री पाच महिन्यांची गरोदर असते. तिचे नाव महाराष्ट्रातील आपल्या उपकेंद्रात असते, रक्त कमी असल्याची नोंदही तेथेच असते. बाळंतपण मात्र गुजरातेत, उसाच्या फडाजवळच्या झोपडीत किंवा जवळच्या दवाखान्यात होते. तेथील परिचारिकेस ती बाई नवखी, तिची भाषा भिलोरी, आणि तिचा पूर्वइतिहास कोणालाच ठाऊक नाही. इकडे आपल्या वहीत तिच्या नावापुढे ‘स्थलांतरित’ असा शेरा पडतो आणि प्रकरण मिटते. वहीपुरते ते मिटते. त्या बाईचे रक्त मात्र कमीच असते.

वडोदऱ्याच्या सयाजीराव रुग्णालयातही छोटा उदेपूर व पलीकडच्या मध्य प्रदेशातून रुग्ण येतात. राज्यांच्या सीमा नकाशावर असतात, आजाराला त्या ठाऊक नसतात. २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये प्रत्येक नागरिकास चौदा अंकी आरोग्य क्रमांक घेता येतो व त्याच्या संमतीने एका ठिकाणची नोंद दुसऱ्या ठिकाणी पाहता येते. ऊसतोडीला जाणाऱ्या मातेइतकी या सोयीची गरज क्वचितच दुसऱ्या कोणाला असेल. म्हणून ही सोय प्रथम तिच्यापर्यंत पोहोचली पाहिजे. केवळ क्रमांक देऊन हे होणार नाही. मुकादमाची गाडी निघण्यापूर्वी आरोग्य सेविकेने जाणाऱ्या मातांची यादी करावी, त्या कोणत्या कारखान्याच्या हद्दीत जाणार हे विचारून तेथील आरोग्य केंद्रास कळवावे, आणि माता-बाल संरक्षण कार्ड तिच्या हाती देऊन ते जपावयास सांगावे. जेथे जोडणी मिळत नाही, तेथे ते पुठ्ठ्याचे कार्डच तिचा संगणक असते. सरपंच, शिक्षक व ग्रामसेवक यांनी या कामी साह्य केले, तर खर्च फारसा येणार नाही.

शिक्षणात काय बदलले

आता परिचर्या शिक्षणाकडे वळू. १९०९ साली पुण्यात रमाबाई रानडे यांनी सेवासदनाचे काम सुरू केले. परिचारिकेच्या कामाकडे समाज संशयाने पाहत होता, त्या काळात विधवा व गरजू स्त्रियांना तेथून या शिक्षणाची वाट मिळाली. तेव्हा शिकण्याचा मार्ग एकच होता. अनुभवी परिचारिकेच्या मागे उभे राहून पाहावयाचे व मग स्वतः करावयाचे.

या पद्धतीत एक उणीव होती. विद्यार्थिनीची पहिली चूक खऱ्या रुग्णाच्या अंगावर होत असे. १९६० साली नॉर्वेत श्वासोच्छ्वास देण्याच्या सरावासाठी माणसाच्या आकाराची बाहुली तयार झाली. १९६३ च्या सुमारास अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात मेरीअॅन बिट्झर या परिचारिकेने ‘प्लेटो’ नावाच्या संगणकावर हृदयविकाराच्या रुग्णाची शुश्रूषा शिकविणारा पाठ रचला. विद्यार्थिनी प्रश्न विचारी, संगणक रुग्णाची स्थिती सांगे. म्हणजे संगणकाद्वारे परिचर्या शिक्षण ही कल्पना साठ वर्षांहून जुनी आहे, आणि ती मांडणाऱ्यांत एक परिचारिका होती, हे आपण अभिमानाने सांगावे.

आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ साली बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम बदलून तो सत्र पद्धतीचा केला. त्यात आरोग्य व परिचर्या माहितीशास्त्र हा स्वतंत्र विषय आला आणि कृत्रिम परिस्थितीत सराव करण्यास मान्यता मिळाली. २०२० च्या साथीत वर्ग बंद पडले तेव्हा दूरस्थ पाठांचा उपयोग सर्वांनी पाहिला. परिचारिका व अन्य आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी शासनाचे प्रशिक्षणही तेव्हा ‘दीक्षा’ या व्यासपीठावर उपलब्ध झाले. ‘ई-संजीवनी’मुळे उपकेंद्रावर रुग्णाजवळ बसलेला समुदाय आरोग्य अधिकारी दूरच्या डॉक्टरांचा सल्ला घेऊ शकतो. हाही एक प्रकारे शिक्षणाचाच वर्ग आहे, कारण प्रत्येक सल्ल्यातून तेथील कर्मचारी काही शिकत असतो.

मात्र पाठ्यनिर्देशिकांना मला एक विनंती करावयाची आहे. यंत्रावर आकडा उमटला म्हणजे निरीक्षण झाले, असे विद्यार्थिनीस वाटू देऊ नये. बोटाला लावलेले प्राणवायू मोजण्याचे यंत्र हात गार असला किंवा नखाला रंग लावलेला असला तर चुकीचा आकडा दाखवू शकते. आधी रुग्णाच्या चेहऱ्याकडे पाहावे, नाडीवर बोट ठेवावे, मग यंत्राकडे पाहावे आणि दोहोंचा मेळ बसत नसेल तर रुग्णावर विश्वास ठेवून पुन्हा तपासावे. हा क्रम पहिल्या वर्षी अंगवळणी पडला, तर पुढे कितीही यंत्रे आली तरी भय नाही. तसेच ग्रामीण भागातून येणाऱ्या विद्यार्थिनींसाठी हे पाठ मराठीत, गुजरातीत व सोप्या इंग्रजीत असावेत. यंत्राची भीती पुष्कळदा यंत्राची नसून परक्या भाषेची असते.

गुप्तता हा रुग्णाचा हक्क

कपाटातील वही एका वेळी एकाच माणसास वाचता येते. फोनमधील माहिती क्षणात शंभर जणांकडे जाते. क्षयरोग, एच.आय.व्ही., गर्भपात, कुटुंब नियोजन यांविषयीची एक ओळ बाहेर फुटली, तर लहान गावात त्या बाईस तोंड दाखविणे कठीण होते. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने केला. पण कायद्यापूर्वीही हा परिचर्येचा धर्मच होता. आपला संकेतशब्द दुसऱ्यास देऊ नये, रुग्णाचे छायाचित्र वा कागद सहकाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप गटात टाकू नये, आणि नोंद करण्यापूर्वी ‘ही माहिती कशासाठी घेते’ हे रुग्णास त्याच्या भाषेत सांगावे. ज्या बाईचा विश्वास उडाला, ती पुढच्या वेळी खरे सांगत नाही. आणि खोट्या माहितीवर उभा राहिलेला संगणक वहीपेक्षा अधिक घातक ठरतो.

काही सूचना

शेवटी अधिकारीवर्गाच्या विचारार्थ काही सूचना मांडते.

एक, जी माहिती संगणकात भरली, ती पुन्हा वहीत मागू नये. कोणती वही कोणत्या तारखेपासून बंद, याचे परिपत्रक काढावे.

दोन, प्रत्येक आरोग्य सेविकेस तिने भरलेल्या माहितीवरून तिच्या गावाचे चित्र दरमहा परत मिळावे. ज्या माहितीचे काहीच परत येत नाही, ती मागण्याचे बंद करावे.

तीन, वीज किंवा जोडणी गेल्यास काम कसे चालवावयाचे याचा कागदी नमुना प्रत्येक वॉर्डात व उपकेंद्रात तयार असावा, आणि त्याचा सराव व्हावा.

चार, फोनमधील आकड्यांवरून कर्मचाऱ्यास केवळ जाब विचारू नये. काम कोठे अडले हे पाहून मदत पाठवावी. नुसत्या धाकाने आकडे सुधारतात, शुश्रूषा सुधारत नाही.

पाच, शेजारी राज्यांच्या सीमेवरील जिल्ह्यांनी ऊसतोडीच्या हंगामापूर्वी एकत्र बसून स्थलांतरित मातांच्या याद्या परस्परांस द्याव्यात.

नागरिकांनाही एक सांगणे आहे. सेविका दारात आली आणि फोनमध्ये पाहून प्रश्न विचारू लागली, तर ती आपल्याकडे दुर्लक्ष करते आहे असे समजू नका. तिला खरी उत्तरे द्या, आणि लिहून झाल्यावर ‘ताई, यात काय लिहिले ते आम्हाला वाचून दाखवा’ असेही म्हणा. तो तुमचा अधिकार आहे. असे विचारणारे गाव असले की, नोंद आपोआप खरी होते.

सयाजीराव महाराजांच्या काळी पुस्तकांची पेटी गावात पोहोचल्यावर ती उघडून वाचणारे कोणी असेल तरच तिचा उपयोग होता. आजच्या संगणकाचेही तसेच आहे. त्यातील माहिती उघडून, वाचून, त्याप्रमाणे वेळेवर त्या घरी जाणारी परिचारिका असावी लागते. तिला तेवढा वेळ व तेवढा मान देणे हे शासनाचे व समाजाचे काम आहे.